आधी फक्की, मग ड्रोन

पुरंदर तालुक्यात मल्हारगडाच्या पायथ्याशी सोनोरी गाव आहे. पेशवाईत तोफखाना सांभाळणाऱ्या पानसे सरदारांचे हे गाव. महाराष्ट्रात गावठाणांची मोजणी ड्रोनने करून पाहायचे ठरले, तेव्हा पहिला प्रयोग इथेच झाला. गावठाण मोजणीची केंद्राची स्वामित्व योजना २४ एप्रिल २०२० रोजी जाहीर झाली, त्याच्या आधीची ही गोष्ट. गावठाणातल्या घरांना सातबारा नसतो. पिढ्यान्‌पिढ्या राहते घर असूनही त्यावर कर्ज काढायचे म्हटले की बँकेपुढे ठेवायला मालकीचा कागद नसायचा. ग्रामपंचायतीच्या आठ नंबरच्या उताऱ्यावर नाव असे, पण तो कर आकारणीचा कागद. म्हणून मोजणी आली तेव्हा लोकांना त्यात आपला फायदा दिसला.

या मोजणीची पद्धत नीट पाहण्यासारखी आहे. आधी ग्रामसभा होते, गावात दवंडी फिरते. मग भूमी अभिलेखची माणसे आणि ग्रामपंचायतीचा शिपाई घरोघर जातात. घरमालक दारात उभा राहून आपली हद्द दाखवतो, शेजारी मान डोलावतो किंवा भांडतो, आणि कबूल झालेल्या रेषेवर चुन्याची फक्की पडते. बोळ, पार, देऊळ, चावडी, ओढ्याचा काठ यांनाही फक्की मारली जाते. एवढे झाल्यावर ड्रोन वर जातो. वरून दिसणाऱ्या पांढऱ्या रेषा त्या घरांत राहणाऱ्यांनीच दाखवून दिलेल्या असतात. पुढे चौकशी होते, हरकती ऐकल्या जातात आणि मिळकत पत्रिका तयार होते. १८ जानेवारी २०२५ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते देशभरातल्या ५० हजारांहून अधिक गावांत एकाच दिवशी ६५ लाख मिळकत पत्रिकांचे वाटप झाले.

त्यानंतर चार महिनेही झाले नव्हते. ३ मे २०२५ रोजी त्याच पुरंदर तालुक्यात ड्रोनवरून दगडफेक आणि लाठीमार झाला. प्रस्तावित विमानतळासाठी वनपुरी, कुंभारवळण, उदाचीवाडी, एखतपूर, मुंजवडी, खानवडी आणि पारगाव या सात गावांच्या जमिनीचे ड्रोन सर्वेक्षण सुरू झाले होते. यातले खानवडी हे महात्मा फुले यांच्या घराण्याचे गाव. शेतकऱ्यांचा भूसंपादनाला विरोध होता, तो आधीपासून जाहीर होता. कुंभारवळणला गावकरी आणि पोलीस समोरासमोर आले, दोन्हीकडचे लोक जखमी झाले आणि प्रशासनाला ड्रोन खाली उतरवावा लागला. पुढच्या काही महिन्यांत मोबदल्यावर बोलणी झाली, संमतिपत्रे घेतली गेली, आणि त्यानंतर मोजणीची माणसे जमिनीवर उतरली.

तालुका तोच, यंत्र त्याच जातीचे. सोनोरीत ड्रोन लोकांना कागद द्यायला आला होता. कुंभारवळणला तो जमीन घ्यायला आला आहे, असे लोकांनी धरले आणि त्यांचे चुकले असे कोणी म्हणू शकत नाही. सार्वजनिक जमिनीच्या कामासाठी ड्रोन सुरक्षित कसा उडवायचा याची चर्चा आपल्याकडे बॅटरी, वारा आणि परवाना यांवर थांबते. या तिन्हींबद्दल पुढे लिहिणारच आहे, कारण तिथे केलेली हयगय जिवावर बेतू शकते. पण सुरक्षित उड्डाणाची पहिली पायरी दवंडी आणि फक्की ही आहे, असे माझे ठाम मत आहे. आणि या मताची खरी परीक्षा पिंपरी-चिंचवड ते चाकण या पट्ट्यात होणार आहे, कारण पुणे जिल्ह्यात जमिनीवरून सगळ्यात जास्त ओढाताण तिथे आहे आणि आकाशातली गर्दीही तिथेच आहे.

मोजणीचे भय या जिल्ह्यात जुने आहे. पेशवाई संपल्यावर दहा-बारा वर्षांच्या आत रॉबर्ट प्रिंगल या अधिकाऱ्याने पुणे जिल्ह्याची मोजणी केली आणि उत्पन्नाच्या अंदाजावर सारा बसवला. अंदाज चुकले, आकारणी जड झाली, खालच्या नोकरांनी हात धुऊन घेतले. इंदापूर भागात कुणबी जमिनी टाकून निघून गेले. शेवटी १८३५-३६ साली गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी इंदापुरातच नव्याने सुरुवात केली आणि पुढे सगळ्या मुंबई इलाख्यात तीच पद्धत चालली. तेहतीस फुटांची, सोळा आण्यांची शंकू साखळी तेव्हापासून शेतकऱ्याच्या ओळखीची झाली. एक साखळी लांब, एक साखळी रुंद म्हणजे एक गुंठा, १,०८९ चौरस फूट. आजही चाकणला भाव गुंठ्यावरच बोलला जातो.

त्या साखळीनंतर फलकयंत्र आले, मग ईटीएस मशीन, मग रोव्हर. यंत्रे बदलत गेली, पण या पट्ट्यातल्या शेतकऱ्याचा अनुभव मात्र एकाच दिशेने जमत गेला. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली. १९६२ साली एमआयडीसी स्थापन झाली आणि पिंपरी, चिंचवड, भोसरीच्या जमिनी कारखान्यांकडे गेल्या. १९७२ साली नवनगर विकास प्राधिकरण आले. त्या प्राधिकरणाने १९७२ ते १९८३ या काळात ज्यांच्या जमिनी घेतल्या, त्यांच्या साडेबारा टक्के जमीन परताव्याचा प्रश्न पुढे दशकानुदशके लोंबकळत राहिला. २०२१ साली प्राधिकरणच पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणात (पीएमआरडीए) विलीन झाले तरी प्रश्न शिल्लकच होता. चाकणला बजाज, महिंद्रा, मर्सिडीज, फोक्सवॅगन आले. खालुंब्रे, महाळुंगे, निघोजे, खराबवाडी, वासुली ही गावे एका पिढीत शेतीतून कारखान्यांत गेली. ज्याच्या घरात मोजणीनंतर जमीन गेल्याची आठवण आहे, त्याला डोक्यावर घोंघावणारा ड्रोन पाहून काय वाटेल, हे कोणा तज्ज्ञाने सांगायला नको.

आता आकाशाकडे येऊ. २५ ऑगस्ट २०२१ रोजी अधिसूचित झालेल्या ड्रोन नियमांनी देशाचे आकाश हिरव्या, पिवळ्या आणि लाल पट्ट्यांत वाटले. हिरव्या पट्ट्यात ४०० फुटांपर्यंत, म्हणजे १२० मीटरपर्यंत, उड्डाणासाठी वेगळी परवानगी लागत नाही. विमानतळाच्या कुंपणापासून ८ ते १२ किलोमीटरच्या कड्यात ही मोकळीक २०० फुटांवर, म्हणजे ६० मीटरवर येते. त्याच्या आत किंवा त्याच्या वर जायचे तर हवाई वाहतूक नियंत्रणाची परवानगी हवी, आणि लाल पट्ट्यात केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय पाऊल टाकता येत नाही. पुण्याचा विमानतळ लोहगावला आहे आणि तो मुळात हवाई दलाचा तळ आहे. तिथले नियंत्रण हवाई दलाकडे आहे. दिघी आणि चऱ्होली या विमानतळाला खेटून आहेत. भोसरी, मोशीचा भाग त्या बाहेरच्या कड्याच्या आसपास येतो. चाकण त्याच्या पलीकडे. शिवाय दापोडीला लष्करी अभियांत्रिकी महाविद्यालय, दिघीला संरक्षण संशोधनाच्या प्रयोगशाळा, देहूरोडला कटक मंडळ आणि दारूगोळ्याचे कोठार. एकाच महापालिकेच्या हद्दीत आणि तिच्या कडेला इतकी लष्करी ठाणी असलेली शहरे महाराष्ट्रात फारशी नाहीत.

याचा अर्थ कागदावर एक काम असले तरी उड्डाणाच्या दृष्टीने त्याची चार-पाच वेगवेगळी कामे होतात. समजा पालिकेला इंद्रायणीच्या काठाचे चित्रण हवे आहे. ही नदी देहूकडून येऊन तळवडे, चिखली, मोशी, डुडुळगाव असे करत आळंदी, चऱ्होलीकडे जाते. वरच्या टप्प्यात १२० मीटरवरून सरळ काम उरकता येईल. खाली सरकत जाल तसे ६० मीटरवर उतरावे लागेल आणि शेवटच्या टप्प्यात हवाई दलाच्या होकारावाचून पंखे फिरवता येणार नाहीत. उंची निम्मी झाली की प्रत्येक फोटोत मावणारी जमीन एक चतुर्थांश होते. सर्वेक्षणात नेहमी वापरल्या जाणाऱ्या एक इंची सेन्सरच्या कॅमेऱ्यात १२० मीटरवरून साधारण १८० बाय १२० मीटरचा तुकडा येतो. ६० मीटरवरून ९० बाय ६०चा. तपशील दुप्पट बारीक मिळतो हे खरे, पण फेऱ्या दुप्पट, फोटो चौपट. बॅटऱ्या जास्त वेळा बदलाव्या लागतात, चढणे-उतरणे वाढते, आणि अपघाताची शक्यता चढता-उतरतानाच जास्त असते. म्हणून निविदेत ‘दर चौरस किलोमीटर’ असा सरसकट भाव लावून सगळी नदी एका दरात मागणे ही नियोजनातली पहिली चूक आहे. ठेकेदाराला जिथे परवडत नाही, तिथे तो उंची वाढवण्याचा मोह धरतो.

हे नियम लष्कराच्या तिन्ही दलांना लागू नाहीत. महापालिका, एमआयडीसी, भूमी अभिलेख, वन विभाग या सगळ्यांना मात्र ते लागू आहेत. काम सरकारी आहे म्हणून ड्रोनचा विशिष्ट ओळख क्रमांक नसला तरी चालेल, पायलटकडे प्रमाणपत्र नसले तरी चालेल, असे नाही. २५० ग्रॅमपेक्षा जड ड्रोनला त्रयस्थ व्यक्तीच्या नुकसानीचा विमा लागतो. अपघात झाला तर ४८ तासांत कळवावे लागते. पोलीस अधीक्षक किंवा त्याहून वरच्या दर्जाचा अधिकारी एखादा भाग ९६ तासांपर्यंत तात्पुरता लाल जाहीर करू शकतो, आणि या पट्ट्यात असे प्रसंग वारंवार येतात. देहूहून तुकोबांची आणि आळंदीहून माउलींची पालखी निघते त्या दिवसांत, मोठ्या नेत्यांच्या दौऱ्यांत, सीमेवर तणाव असताना पोलिसांचे बंदी आदेश निघतात. १५ ऑगस्ट २०१८ पासून चाकण, आळंदी, देहूरोड ही ठाणी पिंपरी-चिंचवड पोलीस आयुक्तालयात आहेत, पण राजगुरुनगरच्या बाजूला चार पावले सरकले की पुणे ग्रामीणची हद्द लागते. दोन्हीकडे कळवले नाही तर काम अर्ध्यावर बंद पडते.

आकाशाची परवानगी हातात आली तरी खाली काय आहे हे पाहिल्याशिवाय उडू नये. दोन किलोचा ड्रोन १२० मीटरवरून निखळला तर जमिनीवर यायला त्याला साधारण पाच सेकंद लागतात. हवेचा अडथळा सोडून दिला तर आपटताना त्याचा वेग ताशी १७० किलोमीटरच्या पुढे जातो. प्रत्यक्षात वेग काहीसा कमी भरतो, पण माणसाच्या डोक्यासाठी तो फरक निरर्थक आहे. पाच सेकंदांत ओरडून कोणाला बाजूला करता येत नाही. त्यामुळे उड्डाणाची रेषा आखतानाच माणसे, रस्ते आणि शेड टाळावी लागतात. पुणे-नाशिक महामार्ग किंवा तळेगाव-चाकण-शिक्रापूर रस्ता ओलांडायचाच असेल तर काटकोनात, एकदाच, आणि पाळी सुटून कंपन्यांच्या बस रस्त्यावर उतरायच्या वेळा सोडून. रस्त्याच्या माथ्यावरून लांबच लांब फेऱ्या मारणे हा निष्काळजीपणा आहे.

पत्र्याच्या शेडची गोष्ट वेगळी सांगायला हवी. ८ डिसेंबर २०२३ रोजी तळवड्यात केकवरच्या फुलबाजीसारख्या मेणबत्त्या बनवणाऱ्या एका कारखान्याला आग लागून तिथल्या कामगार स्त्रियांचा बळी गेला. बाहेरून पाहणाऱ्याला ती एक साधी शेड होती. चिखली, कुदळवाडी, तळवडे, भोसरी या भागांत पत्र्याखाली काय साठवले आहे हे वरून कळत नाही: भंगार, रसायनांचे रिकामे पिंप, रबर, फोम, लाकूड. लिथियमची बॅटरी आपटून फुटली की ती स्वतःच पेटते आणि पाण्याच्या बादलीने विझत नाही. अशा वस्तीवरून ड्रोन न्यायचा तर अग्निशमन केंद्राला आधी कळवणे आणि कोणत्या शेडवरून जायचे नाही हे स्थानिक माणसाकडून समजून घेणे, एवढे तरी झालेच पाहिजे. चाकण एमआयडीसीच्या सुरक्षा अधिकाऱ्यांना ही माहिती तोंडपाठ असते. त्यांना एक दिवस आधी फोन करणारा ठेकेदार शहाणा समजावा.

उच्चदाबाच्या तारा हा या पट्ट्यातला दुसरा मोठा धोका. तार कॅमेऱ्यात उशिरा दिसते आणि तिच्याजवळ होकायंत्र बिघडू शकते. संपर्क तुटला तर ड्रोन आपोआप निघाल्या जागी परततो, पण त्या परतीची उंची आधी ठरवून द्यावी लागते. शेतात उभे राहून ती उंची ४० मीटर ठेवली आणि मध्ये त्याहून उंच मनोरा असला, तर वाचवण्यासाठी केलेली सोयच ड्रोनला मनोऱ्यावर नेऊन आदळते. नकाशा पाहून हे कळत नाही. पायलटने आदल्या दिवशी शिवार पायी फिरून पाहावे लागते.

वाऱ्याचे म्हणाल तर १७ एप्रिल २०२३ची संध्याकाळ पिंपरी-चिंचवडकर विसरलेले नाहीत. रावेत-किवळ्याजवळ वळवाच्या वाऱ्याने लोखंडी होर्डिंग कोसळले आणि खाली आडोशाला उभे असलेले पाच जण गेले. एप्रिल-मेमध्ये दुपारपर्यंत स्वच्छ असणारे आकाश तासाभरात फिरते. सर्वेक्षणाला सावल्या आखूड असलेली माध्यान्हीची वेळ चांगली, पण त्याच वेळी तापलेल्या पत्र्यांवरून आणि डांबरावरून हवेच्या उसळ्या येतात. या दिवसांत काम सकाळी उरकावे आणि लांब सावल्यांचा तोटा सोसावा. पावसाळ्यात बंदच. उरतो तो दिवाळीपासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ, आणि सरकारी निविदा नेमक्या मार्चअखेर धावत सुटतात. आर्थिक वर्ष संपवायच्या घाईत उडवलेले ड्रोन हा धोका आपल्या व्यवस्थेनेच ओढवून घेतला आहे.

मोशीच्या कचरा डेपोवर आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते, ती म्हणजे घारी. कचऱ्याच्या डोंगरावर त्या सतत घिरट्या घालतात. साठलेल्या कचऱ्याचे घनफळ मोजायला ड्रोनसारखे दुसरे साधन नाही. माणसाला त्या ढिगावर चढवण्यापेक्षा हे कितीतरी बरे. पण घार आपल्या हद्दीत आलेल्या वस्तूवर झडप घालते, आणि विणीच्या हंगामात हमखास घालते. उकाडा वाढला की घारी उंच चढतात. तेव्हा इथेही सकाळची वेळ साधावी आणि एक माणूस फक्त पक्ष्यांवर नजर ठेवायला उभा करावा. पाती घारीला लागली तर दोघेही खाली येतात.

मग हे सगळे करून हाती येते काय? १२० मीटरवरून काढलेल्या फोटोतला एक ठिपका जमिनीवरच्या सुमारे तीन सेंटिमीटरचा असतो. जमिनीवर नियंत्रण बिंदू नीट रोवले, उपग्रहांवरून स्थान पक्के केले, तर सगळे फोटो जोडून तयार होणारा नकाशा पाच-दहा सेंटिमीटरपर्यंत विश्वासार्ह होतो. साखळीच्या काळात याची कल्पनाही करता आली नसती. पण कॅमेऱ्याला पागोळी दिसते, भिंत दिसत नाही. गावठाणातली निम्मी भांडणे पागोळीच्या जागेवरून असतात: पाणी कोणाच्या बाजूला पडते, हातभर पट्टी कोणाची. छपराच्या कडेवरून रेषा ओढली तर पिढ्यांचा वाद चुकीच्या बाजूने कायम होतो. आंब्याच्या झाडाखालचा बांध दिसत नाही. विहिरीतला चार आणे हिस्सा दिसत नाही. बैलगाडीची वहिवाट पेरणीनंतर दिसत नाही. हे सगळे फक्की मारताना, माणसे समोर असताना, बोलून ठरते. म्हणून ती पायरी गाळून थेट वरून मोजले तर नकाशा देखणा निघतो आणि तंटे वाढतात.

जमिनीवरून मोजणी करायला पाऊल टाकताना सरकारला कायद्याने दार ठोठावावे लागते. २०१३च्या भूसंपादन कायद्याच्या कलम १२ मध्ये प्राथमिक सर्वेक्षणासाठी जमिनीत शिरण्याचा अधिकार आहे, पण घराच्या आवारात शिरायचे तर रहिवाशाची संमती किंवा किमान ७ दिवसांची लेखी सूचना हवी. मालकाच्या गैरहजेरीत सर्वेक्षण करायचे तर ६० दिवस आधी नोटीस हवी. एमआयडीसी मात्र जमीन घेते ती १९६१च्या महाराष्ट्र औद्योगिक विकास अधिनियमाखाली. चाकणच्या शेतकऱ्यांना कलम ३२ (२)ची नोटीस हे शब्द पाठ आहेत. या सगळ्या तरतुदी लिहिल्या गेल्या तेव्हा मोजणारा माणूस पायी यायचा. ड्रोन अंगणावरून जातो तेव्हा उंबरठा ओलांडला की नाही, याचे उत्तर यांतल्या कोणत्याच कलमात स्पष्ट नाही. ड्रोन नियम विमानाच्या सुरक्षेबद्दल बारकाईने बोलतात, खालच्या माणसाच्या खासगीपणाबद्दल जवळजवळ बोलतच नाहीत. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. गच्चीवर वाळत घातलेले कपडे, मोरीच्या उघड्या भिंती, अंगणात बसलेली बाई, हे सारे तीन सेंटिमीटरच्या ठिपक्यांत उमटते. ते फोटो ठेकेदाराच्या कोणत्या संगणकात किती वर्षे राहतात, हे करारात लिहिलेले असायला हवे.

२०२४च्या पावसाळ्याच्या तोंडावर दौंड, शिरूरपासून नगर, बीडपर्यंत गावोगाव रात्री ड्रोन फिरत असल्याच्या बातम्यांनी लोक हैराण झाले होते. चोर टेहळणी करतात असे लोकांनी धरले, तरुण काठ्या घेऊन जागे राहिले, विधिमंडळात प्रश्न निघाला. त्यातले खरे किती आणि वावड्या किती, हे वेगळे. पण सरकारी उड्डाणांची गावाला कधीच वर्दी नसेल, तर चोराचा ड्रोन आणि तलाठ्याचा ड्रोन यांत गावाने फरक करायचा कसा? दुसरीकडे जुन्नर वन विभागाने बिबट्यांच्या शोधासाठी उष्णता टिपणारे ड्रोन वापरले तेव्हा लोक त्यांच्याबरोबर रात्री उसाच्या फडात उभे राहिले. या विभागात जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर हे तालुके येतात, म्हणजे चाकणचा शेजार. तिथे ड्रोन कशासाठी आला आहे, कोणाचा आहे, हे सगळ्यांना माहीत होते.

या पट्ट्यात ड्रोनचा खरा उपयोग कुठे आहे, तेही सांगितले पाहिजे. फेब्रुवारी २०२५ मध्ये महापालिकेने कुदळवाडी-चिखलीत हजारो पत्राशेड आणि गोदामे पाडली. त्याच वर्षी १७ मे रोजी चिखलीत इंद्रायणीच्या निळ्या पूररेषेतले ३६ बंगले न्यायालयीन आदेशानुसार जमीनदोस्त झाले. निळी रेषा म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. ज्यांनी आयुष्याची कमाई घालून तिथे घर घेतले, त्यांचे दुःख खरे आहे, आणि नदीचा काठ मोकळा राहायला हवा हेही खरे आहे. पण जोत्यापासून छपरापर्यंत बंगला बांधायला वर्ष लागते. शेकडो एकरांवर पत्रे चढायला दशके लागतात. नदीकाठ, ओढे, गायरान, आरक्षित भूखंड यांचे वर्षातून दोनदा ठरलेल्या तारखांना ड्रोन चित्रण झाले, आणि ते पालिकेच्या प्रभाग कार्यालयात लोकांना पाहायला लावले, तर पाया खणतानाच काम थांबवता येईल. जेसीबी आणायची वेळ येणार नाही. गायरानावरची अतिक्रमणे काढण्याचे सर्वोच्च न्यायालयाचे २८ जानेवारी २०११चे आदेश आहेत, त्यापाठोपाठ राज्य सरकारचा १२ जुलै २०११चा निर्णय आहे. त्याला इतकी वर्षे लोटली, तरी आपण अजून आधी होऊ देतो आणि नंतर पाडतो. पाडण्याच्या दिवशी बंदोबस्तावर नजर ठेवायला वर गेलेला ड्रोन हा या यंत्राचा सगळ्यात हलका वापर आहे.

जमीन घेणारे आणि जमीन राखणारे खाते बहुधा एकाच सरकारचे असते, यंत्रही एकच असते. म्हणून प्रत्येक उड्डाणाचा हेतू आधी, लेखी आणि गावात लावलेल्या कागदावर सांगितला गेला पाहिजे, अशी माझी मागणी आहे. महापालिका, पीएमआरडीए, एमआयडीसी आणि भूमी अभिलेख यांनी मिळून या पट्ट्यासाठी एक उड्डाण नोंदवही उघडावी. तीत तारीख, वेळ, गट क्रमांक, उंची, जबाबदार अधिकाऱ्याचे नाव, पायलटचा प्रमाणपत्र क्रमांक, विमा, आणि फोटो किती दिवस ठेवणार हे लिहावे. कागद ग्रामपंचायत किंवा प्रभाग कार्यालयाच्या फलकावर किमान सात दिवस आधी लागावा. भूसंपादनासाठीचे चित्रण असेल तर तसे ठळक लिहावे. त्याला गावठाण मोजणीचे किंवा करआकारणीचे नाव देऊ नये. एका कामासाठी काढलेले चित्रण दुसऱ्या कामाला वापरायचे असेल तर पुन्हा सूचना द्यावी. यात खर्च जवळजवळ नाही. विरोध असेल तर तो सात दिवस आधी चावडीवर कळेल, दगड हातात घेतलेल्या जमावासमोर नव्हे. विरोध असताना पोलीस लावून उडवलेला ड्रोन तांत्रिकदृष्ट्या कितीही निर्दोष असला, तरी त्या उड्डाणाला सुरक्षित म्हणता येणार नाही.

अशी नोंदवही निघेपर्यंत वाट पाहण्याचे कारण नाही. तुमच्या शिवारावर किंवा सोसायटीवर सरकारी कामाचा ड्रोन दिसला, तर त्याला दगड मारू नका आणि दुर्लक्षही करू नका. काम कोणाच्या आदेशाने चालले आहे, कशासाठी आहे, ड्रोनचा ओळख क्रमांक कोणता, विमा कोणाचा आणि फोटो कुठे जाणार, हे संबंधित कार्यालयाला लेखी विचारा. माहितीच्या अधिकाराच्या अर्जाचे शुल्क १० रुपये आहे आणि उत्तर ३० दिवसांत द्यावे लागते.